एअरबॅगचा दिवा विझत नाही तेव्हा...

मोटारीच्या डॅशबोर्डवरील बहुतेक इशारे दुर्लक्ष करणाऱ्याला लवकरच धडा शिकवतात. इंजिन तापल्याचा दिवा पाहूनही न पाहिल्यासारखे करणाऱ्याची गाडी घाटात उभी राहते. बॅटरी चार्ज होत नसल्याची सूचना टाळणाऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला धक्का मारण्याची वेळ येते. एअरबॅगचा दिवा याला अपवाद आहे. तो पेटलेला असताना इंजिन सुरळीत चालते, ब्रेक लागतात, वातानुकूलन थंडावा देते. रोजच्या वापरात तिळमात्र फरक पडत नाही. त्यामुळे 'नंतर बघू' म्हणत अनेक गाड्या महिनोन्महिने हा दिवा मिरवीत धावत असतात. या दुर्लक्षाची किंमत एकदाच मोजावी लागते, आणि तीही अपघाताच्या क्षणी.

भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली. चालकाशेजारच्या प्रवाशासाठी हीच सक्ती नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून, तर आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना २०२१ च्या अखेरीपासून लागू झाली. एकेकाळी महागड्या गाड्यांपुरती मर्यादित असलेली ही यंत्रणा आता लहानात लहान मोटारीतही असते, आणि त्या मोटारी जुन्या होऊन एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागल्या आहेत. साहजिकच तिच्या विद्युत दोषांचा प्रश्न कंपन्यांच्या वर्कशॉपमधून कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत येऊन पोहोचला आहे. हा दोष शोधण्याची रीत गाडीतील अन्य वायरिंगच्या रीतीपेक्षा वेगळी आहे. येथे अंदाजाने केलेले काम खर्च वाढवते, आणि प्रसंगी जिवावरही बेतू शकते.

दिवा काय सांगतो?

किल्ली फिरवताच किंवा बटण दाबताच हा दिवा पेटतो, काही सेकंद (बहुतेक गाड्यांत सुमारे सहा) तसाच राहतो आणि विझतो. या अवधीत यंत्रणेचा नियंत्रक, म्हणजे तिचा छोटा संगणक, स्वतःची आणि आपल्याला जोडलेल्या प्रत्येक सर्किटची तपासणी करतो. सारे ठीक असल्यासच दिवा विझतो. पुढे गाडी चालू असेपर्यंत ही तपासणी अखंड सुरूच असते, म्हणून भर रस्त्यातही दिवा अचानक पेटू शकतो.

बिघाडाची लक्षणे तीन आहेत. दिवा पेटून तसाच राहणे, तो लुकलुकणे आणि तो मुळीच न पेटणे. पहिली दोन लक्षणे कोणाच्याही ध्यानात येतात. तिसरे सर्वांत फसवे आहे. जो दिवा किल्ली फिरवल्यावरही पेटत नाही, तो काहीच सांगण्याच्या स्थितीत नसतो. त्याचा बल्ब गेलेला असतो, नियंत्रकाला वीजपुरवठा मिळत नसतो, किंवा कोणीतरी तो हेतुपुरस्सर काढून टाकलेला असतो.

दिवा पेटलेला असताना काही गाड्यांत फक्त सदोष सर्किट बाद होते, तर काहींत संपूर्ण यंत्रणा. बाहेरून यातले काहीच कळत नाही. म्हणून दिवा पेटलेला असेपर्यंत एकही एअरबॅग उघडणार नाही असे गृहीत धरणेच शहाणपणाचे. सीट बेल्ट तेव्हाही प्रवाशाला धरून ठेवतो. मात्र धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारी प्रीटेन्शनर नावाची योजना याच नियंत्रकाच्या हुकमावर चालत असल्याने तिचाही भरवसा उरत नाही.

दोन ओहमचे जग

दोष कसा शोधतात हे समजण्यासाठी यंत्रणेची रचना थोडक्यात पाहावी लागेल. नियंत्रक बहुधा पुढच्या दोन आसनांच्या मधल्या उंचवट्यावर, गियरच्या आसपास, जमिनीला घट्ट बसवलेला असतो. गाडीच्या नाकाजवळ आणि अनेकदा दारांच्या खांबांत धडक ओळखणारे सेन्सर असतात. स्टीअरिंगच्या मध्यभागी, डॅशबोर्डच्या आत, आसनांच्या कडेला आणि छताच्या काठाला एअरबॅग्ज घडी करून ठेवलेल्या असतात. या साऱ्यांना जोडणाऱ्या तारांचे वेष्टण किंवा त्यांचे कनेक्टर बहुतेक कंपन्या पिवळ्या रंगाचे ठेवतात. हा पिवळा रंग म्हणजे 'हात लावण्यापूर्वी विचार करा' अशी मेकॅनिकला दिलेली सूचनाच होय.

प्रत्येक एअरबॅगच्या मुळाशी 'स्क्विब' नावाचा एक चिमुकला घटक असतो. त्यात दोन पिनांना जोडणारी केसासारखी बारीक तार आणि तिच्याभोवती लगेच पेट घेणारे रसायन असते. साधारण सव्वा अँपिअर विद्युतधारा फक्त दोन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, या तारेतून गेली की ती तापते, रसायन पेटते आणि त्यातून सुरू झालेल्या प्रक्रियेने पिशवीत वायू भरतो. धडक ओळखण्यापासून पिशवी फुगण्यापर्यंतचा सारा खेळ पापणी लवण्याच्या आत संपतो.

या बारीक तारेचा विद्युतरोध साधारण दोन ओहम असतो. नियंत्रक तिच्यातून पेटवण्यास लागणाऱ्या धारेच्या मानाने अतिशय क्षीण धारा सतत सोडत राहतो आणि त्यावरून रोध मोजतो. जोडण्यांचा आणि तारांचा रोध धरून तो ठरलेल्या अरुंद पट्ट्यात असेल तर सर्किट निरोगी मानले जाते. हा पट्टा कंपनीनुसार बदलतो, पण ढोबळमानाने दीड ते चार ओहमच्या आसपास असतो. रोध वाढला तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा जोडणी सैल अथवा गंजलेली आहे. तो घटला तर दोन तारा एकमेकींना टेकल्या आहेत. याखेरीज एखादी तार गाडीच्या सांगाड्याला किंवा बॅटरीच्या पुरवठ्याला टेकली तर तेही नियंत्रकाला ओळखता येते. एअरबॅगच्या सर्किटचे जवळपास सर्व दोष या चार प्रकारांत बसतात.

येथील अडचण मोजमापाच्या सूक्ष्मतेत आहे. घरातील दिव्याच्या बटणात दोन ओहमचा जादा रोध निर्माण झाला तर कोणाला कळणारही नाही. दिवा पूर्वीसारखाच उजेड देईल. एअरबॅगच्या सर्किटमध्ये मात्र तेवढ्याने रोध दुप्पट होतो. पिनेवर साठलेला हिरवट गंज, अर्धवट बसलेला कनेक्टर किंवा मैलोन्‌मैलांच्या हादऱ्यांनी ढिली झालेली पकड एवढ्यावरही दिवा पेटू शकतो. म्हणूनच या दोषांचे मूळ महागड्या सुट्या भागांपेक्षा जोडण्यांमध्ये सापडण्याची शक्यता आधी विचारात घ्यावी लागते.

आधी नोंद, मग हत्यार

दिवा पेटताना नियंत्रक आपल्या स्मृतीत दोषाचा संकेतांक नोंदवतो. तपासाची पहिली पायरी म्हणजे योग्य स्कॅनर जोडून तो वाचणे. बाजारात स्वस्तात मिळणारी अनेक उपकरणे फक्त इंजिनचे संकेतांक वाचतात. एअरबॅगच्या नोंदी त्यांना दिसतच नाहीत. अशा उपकरणाने 'गाडीत दोष नाही' असा निर्वाळा दिला तर त्याला अर्थ नसतो. एअरबॅगचे संकेतांक 'बी' या अक्षराने सुरू होणाऱ्या गटात येतात. उदाहरणार्थ, प्रमाणित यादीत 'बी ०००१' हा चालकासमोरच्या एअरबॅगच्या पहिल्या टप्प्याच्या सर्किटचा क्रमांक आहे. याशिवाय प्रत्येक कंपनीचे स्वतःचे क्रमांकही असतात.

हा संकेतांक पत्त्यातील पिनकोडसारखा असतो. तो परिसर सांगतो, घर दाखवत नाही. 'चालकाच्या एअरबॅगच्या सर्किटमध्ये रोध जास्त' एवढेच नियंत्रकाला कळलेले असते. तो जादा रोध एअरबॅगमध्ये आहे, स्टीअरिंगखालच्या गुंडाळलेल्या पट्टीत आहे, डॅशबोर्डमागच्या कनेक्टरमध्ये आहे की नियंत्रकाच्या स्वतःच्या पिनेवर आहे, हे त्याला सांगता येत नाही. संकेतांक वाचून थेट एअरबॅग बदलण्याचा सल्ला मिळाला तर तो निदान न करताच दिलेला आहे असे समजावे. नवी, महाग एअरबॅग बसवूनही दिवा पुन्हा पेटल्याच्या तक्रारींचे मूळ बहुधा येथेच असते.

नोंद वाचताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. दोष या क्षणी हजर आहे की केवळ जुनी नोंद शिल्लक आहे, हा फरक बहुतेक स्कॅनर दाखवतात. दुसरी गोष्ट बॅटरीची. थकलेल्या बॅटरीमुळे व्होल्टेज घसरले तरी नियंत्रक तक्रार नोंदवू शकतो, त्यामुळे बॅटरी आणि तिचे टर्मिनल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. सर्व नोंदी कागदावर उतरवून घेण्यापूर्वी त्या पुसणे ही मोठी चूक ठरते. पुसलेला संकेतांक पुन्हा कधी उमटेल याची शाश्वती नसते, आणि तोवर हाती आलेला एकमेव पुरावा नष्ट झालेला असतो.

नेहमीचे संशयित

दोषाच्या काही जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा पुढच्या आसनांखाली. बाजूची एअरबॅग, बेल्टची प्रीटेन्शनर आणि आसनावर कोणी बसले आहे का हे ओळखणारा सेन्सर यांच्या तारा तेथून जातात. आसन पुढे-मागे सरकते तेव्हा त्या ताणल्या जातात. खाली कोंबलेली छत्री, पाण्याची बाटली किंवा साफसफाई करताना फिरलेला व्हॅक्यूम क्लिनर कनेक्टरला धक्का देतो. आसन सरकवल्यावर दिवा पेटत किंवा विझत असेल तर तपास येथूनच सुरू करावा.

दुसरी जागा स्टीअरिंगखाली. स्टीअरिंग फिरत असताना त्यातील एअरबॅगशी वीजजोड कायम राहावा म्हणून तेथे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी असते. वर्कशॉपमध्ये तिला 'क्लॉक स्प्रिंग' म्हणतात. हॉर्न आणि स्टीअरिंगवरील बटणांच्या तारा अनेक गाड्यांत याच घटकातून जातात. त्यामुळे एअरबॅगच्या दिव्याबरोबर हॉर्नही बंद पडला असेल तर संशयाची सुई सरळ या पट्टीकडे वळते. स्टीअरिंग काढून बसवताना ही पट्टी नेमकी मध्यावर ठेवावी लागते. तसे न केल्यास पुढे स्टीअरिंग पूर्ण फिरवताच ती ताणून तुटू शकते. स्टीअरिंगच्या कामानंतर काही दिवसांत दिवा पेटला असेल तर हा इतिहास मेकॅनिकला आवर्जून सांगावा.

तिसरे कारण पाणी. नियंत्रक जमिनीलगत असल्याने पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना आत शिरलेले पाणी, वातानुकूलन यंत्रणेची तुंबलेली नळी किंवा गालिचाची सढळ धुलाई यांची ओल त्याच्या कनेक्टरपर्यंत पोहोचते. गालिचा वरून सुकलेला दिसला तरी खालचा थर दीर्घकाळ ओला राहतो, आणि पिनांवर गंज चढण्यास काही आठवडेही लागतात. त्यामुळे पावसाळ्यातील दोष दिवाळीच्या सुमारास डोके वर काढतो, आणि मधल्या काळात पाण्याची आठवण कोणालाच राहत नाही.

चौथे कारण उंदीर. शहरांतील उघड्या पार्किंगमध्ये त्यांनी कुरतडलेल्या तारा ही नित्याची बाब आहे. पाचवे कारण नंतर बसवलेल्या वस्तू. म्युझिक सिस्टीम, अलार्म किंवा कॅमेरा बसवताना डॅशबोर्ड उघडला जातो, एखादा पिवळा कनेक्टर काढून ठेवला जातो, आणि परत लावताना 'टक' असा आवाज येईपर्यंत तो दाबला जात नाही. आसनांवर घट्ट चढवलेली कव्हरेही त्रासदायक ठरतात. ती आसनाच्या कडेतून उघडणाऱ्या एअरबॅगची वाट अडवू शकतात, आणि हा अडथळा कोणत्याही संकेतांकात उमटत नाही.

वगळत जाण्याची रीत

पाहणीतून कारण सापडले नाही तर मोजमाप करावे लागते. त्याआधीची शिस्त कडक आहे. इग्निशन बंद करून बॅटरीचे ऋण टर्मिनल काढायचे आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचे. हा वेळ गाडीनुसार एखाद्या मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत किंवा अधिकही असतो. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून नियंत्रकात कपॅसिटरमध्ये वीज साठवलेली असते. ती उतरण्यासाठी हा अवधी लागतो. काढलेली एअरबॅग शरीरापासून दूर तोंड करून धरावी आणि टेबलावर कापडी बाजू वर ठेवून ठेवावी. पालथी ठेवलेली एअरबॅग चुकून उडाली तर ती स्वतःच तोफगोळ्यासारखी वर उसळते.

एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर लावून रोध मोजू नये, असे सर्व कंपन्या बजावतात. आजच्या डिजिटल मीटरची धारा सहसा अगदी क्षीण असते हे खरे. पण जुने काट्याचे मीटर किंवा बल्बचा टेस्टर कितीतरी अधिक धारा सोडतो, आणि समोर रसायन भरलेली वस्तू असते. म्हणून एअरबॅगऐवजी तिच्या कनेक्टरला तेवढ्याच, म्हणजे सुमारे दोन ओहम रोधाचा पर्यायी घटक जोडला जातो. कंपन्या यासाठी खास साधने पुरवतात. हा घटक जोडून बॅटरी लावली, गाडीत कोणी नसताना इग्निशन चालू केले आणि संकेतांक नाहीसा झाला, तर दोष एअरबॅगमध्येच होता. तो कायम राहिला, तर एअरबॅग निर्दोष आहे. मग हाच घटक एक पायरी मागे, क्लॉक स्प्रिंगच्या अलीकडे जोडायचा. त्यानंतर आणखी मागे, नियंत्रकापर्यंत. ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये उत्तर बदलते, तेथेच दोष असतो. प्रत्येक पायरीला बॅटरी काढणे, थांबणे आणि पुन्हा लावणे आलेच. हे काम वेळखाऊ आहे, आणि प्रामाणिक निदानाची मजुरी जास्त असण्याचे कारणही हेच आहे.

या तपासात एक सापळा अनुभवी इलेक्ट्रिशियनलाही चकवतो. एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये 'शॉर्टिंग बार' नावाची धातूची छोटी पट्टी असते. कनेक्टर सुटताच ती दोन्ही पिना एकमेकींना जोडते, जेणेकरून अंगातील स्थिर विजेच्या ठिणगीने स्क्विब पेटू नये. अनेक गाड्यांत अशी पट्टी नियंत्रकाच्या कनेक्टरमध्येही असते. नियंत्रकापासून सोडवलेल्या तारांवर मीटर लावले की रोध जवळपास शून्य दिसतो आणि 'वायरिंग शॉर्ट आहे' असा निष्कर्ष निघतो. वास्तविक सुरक्षा योजनेने आपले काम केलेले असते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ती पट्टी उचलून धरल्याशिवाय घेतलेले मोजमाप निरुपयोगी असते. धडधाकट वायरिंग फेकून देण्याचे प्रकार अशा अज्ञानातून घडतात.

दोष सापडल्यावर दुरुस्तीही तितकीच काटेकोर हवी. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे येथे चालत नाही. अनेक कंपन्या या तारांची दुरुस्ती मुळीच मान्य करीत नाहीत आणि वायरिंगचा तो भाग बदलण्यास सांगतात. काही कंपन्या केवळ मान्यताप्राप्त जोडण्यांना परवानगी देतात. उघडलेली एअरबॅग पुन्हा घडी करून बसवणे हा तर निव्वळ धोका आहे.

जो दोष तपासणीच्या वेळी नसतो

गाडी वर्कशॉपमध्ये पोहोचताच दिवा विझतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अशा येऊन-जाऊन असणाऱ्या दोषासाठी स्कॅनर जोडून ठेवून वायरिंगचा एकेक भाग हलवून पाहिला जातो, आसन सरकवले जाते, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवले जाते. तरीही काही दोष निसटतात. त्यांची किंमत काय असू शकते, हे अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचच्या प्रकरणाने दाखवून दिले.

या कंपनीच्या शेव्हरोले कोबाल्टसह काही गाड्यांत किल्लीचा स्विच इतका सैल होता की हादऱ्याने किंवा जड जुडग्याच्या वजनाने किल्ली 'चालू' वरून 'अ‍ॅक्सेसरी' या स्थितीत सरके. त्यासरशी इंजिन बंद पडे आणि एअरबॅग्जही निष्क्रिय होत. २००६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात झालेल्या एका प्राणघातक अपघाताचा तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने किल्ली 'अ‍ॅक्सेसरी' स्थितीत होती आणि एअरबॅग्ज उघडल्या नाहीत, या दोन गोष्टींचा संबंध २००७ मध्येच आपल्या अहवालात जोडला होता. तरीही त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने या गाड्यांची औपचारिक चौकशी सुरू केली नाही. पुढे जॉर्जिया राज्यातील एका अपघाताच्या दाव्यात मार्क हूड या अभियंत्याने अपघातग्रस्त गाडीतील स्विच खोलून त्याची दुकानातून विकत आणलेल्या नव्या स्विचशी तुलना केली. दोन्हींचा क्रमांक एकच होता, पण नव्यातील दट्ट्या अधिक लांब होता. कंपनीने भाग बदलला होता, पण क्रमांक बदलला नव्हता. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांमधील फरक कोणाच्या लक्षात येत नव्हता. फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावण्यास सुरुवात झाली. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने अखेर १२४ मृत्यूंचा संबंध या स्विचशी असल्याचे मान्य केले.

या प्रकरणात एअरबॅग, तिच्या तारा आणि नियंत्रक यांत बिघाड नव्हता. बिघाड त्यांना वीज देणाऱ्या मार्गात होता. म्हणून एअरबॅगचा तपास पिवळ्या तारांपाशी थांबवता येत नाही. नियंत्रकाचा फ्यूज, त्याची जमिनीशी असलेली जोडणी आणि इग्निशन स्विच हेही तपासाचे विषय आहेत. चालत्या गाडीत इंजिन अचानक बंद पडत असेल तर ती तक्रार एअरबॅगच्या दृष्टीनेही गंभीर मानली पाहिजे.

दोष कारखान्यातूनच आला असेल तर

काही दोष गाडीबरोबरच जन्माला येतात. एप्रिल २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातील ६० लाखांहून अधिक गाड्या विविध कारणांनी परत बोलावल्या. स्टीअरिंगखालची गुंडाळलेली पट्टी हे त्यांतील एक प्रमुख कारण होते, आणि त्यात भारतातील सुमारे ४५ हजार इनोव्हा गाड्यांचाही समावेश होता. जानेवारी २०२० मध्ये याच कंपनीने सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या नियंत्रकाला अपघाताच्या वेळी उद्भवणाऱ्या विद्युत गोंधळापासून पुरेसे संरक्षण नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात तयार झालेल्या १७,३६२ गाड्यांचे नियंत्रक तपासण्यासाठी त्या परत बोलावल्या, आणि नियंत्रक बदलेपर्यंत गाडी न चालवण्याचा सल्ला दिला. अशी दुरुस्ती कंपनी विनामूल्य करते. म्हणून गॅरेजमध्ये पैसे मोजण्यापूर्वी गाडीचा चॅसी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा वितरकाकडे तपासून घ्यावा.

दिव्याच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. तो विजेचे मार्ग पाहतो; एअरबॅगमधील रसायनाची प्रकृती त्याला कळत नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅग्जमधील अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे वर्षानुवर्षे बिघडत गेले आणि धडकेच्या वेळी धातूचे तुकडे प्रवाशांच्या अंगावर उडाले. केवळ अमेरिकेतच अशा सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग्ज परत बोलावाव्या लागल्या आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली. एअरबॅगमधील हा दोष दिव्याला दिसण्यासारखाच नव्हता.

विझलेल्या दिव्यामागचे कारस्थान

एअरबॅग बदलण्याचा खर्च मोठा असतो. अपघातात एअरबॅग्ज उघडल्या असतील तर त्यांच्यासह अनेकदा नियंत्रक आणि सीट बेल्टही बदलावे लागतात. हा खर्च टाळून गाडी विकायची असेल तर दिवा विझवण्याचे तीन चोरमार्ग वापरले जातात. पहिला, दिव्याचा बल्बच काढून टाकणे. दुसरा, त्याची तार दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडणे; मग किल्ली फिरवताच तो पेटतो आणि त्या दिव्याबरोबर विझतो. तिसरा, एअरबॅगच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर बसवणे. निदानासाठी वापरले जाणारे साधन येथे फसवणुकीचे हत्यार होते. नियंत्रक दोन ओहम मोजतो, समाधानी होतो आणि दिवा विझवतो. झाकणामागे मात्र एअरबॅग नसतेच.

पहिले दोन प्रकार ओळखणे फारसे कठीण नाही. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू न करताही काही सेकंदांनी स्वतंत्रपणे विझला पाहिजे. तो तेलाच्या किंवा बॅटरीच्या दिव्याच्या तालावर चालत असेल तर संशय घ्यावा. तिसरा प्रकार स्कॅनरलाही सापडत नाही. स्टीअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंग किंवा पोत वेगळा दिसणे, डॅशबोर्डवर सांधल्याच्या खुणा असणे, सीट बेल्ट गुंडाळताना अडकणे, गाडीच्या पुढच्या भागाचे काम झालेले असणे, यांवरून अंदाज बांधता येतो. खात्री मात्र जाणकाराकडून झाकण उघडून पाहिल्यावरच होते. जुनी गाडी घेताना हा खर्च वाचवू नये.

मालकाने काय मागावे?

दुरुस्तीनंतर 'दिवा गेला' एवढ्या उत्तरावर समाधान मानणे योग्य नाही. कोणता संकेतांक होता, दोष नेमका कोणत्या जोडणीत किंवा भागात सापडला, तो कोणत्या मोजमापाने निश्चित झाला आणि काय बदलले, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे बिलासोबत घ्यावीत. बदललेला जुना भाग पाहण्यास मागावा. नोंदी पुसल्यानंतर गाडी खडबडीत रस्त्यावर फिरवून पुन्हा स्कॅनर लावला होता का, हेही विचारावे. संकेतांक पुसणे हे दोन मिनिटांचे काम आहे; त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. दोष कायम असेल तर नियंत्रक तो आज ना उद्या पुन्हा नोंदवेल. फक्त ती नोंद अपघातापूर्वी होईल की अपघात घडत असताना, याची हमी कोणतेही गॅरेज देऊ शकत नाही.